खाडीत बोटींना स्पीड लिमिट नेमकं कोण लावतं? काठ ढासळतोय, मदत हवी आहे

खाडीकाठचो

नमस्कार मंडळी. आमचं घर कर्लीच्या खाडीला लागून आहे, मालवण तालुक्यात, तारकर्ली-देवबागच्या त्या चिंचोळ्या पट्टीत, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. आधीच सांगतो, मी टुरिझमच्या विरोधात नाही, घरातल्या दोन खोल्या होमस्टेला दिल्यात, आमची चूल पण त्यावरच पेटते. पण गेल्या काही वर्षांत स्पीडबोटी आणि जेट-स्की इतक्या वाढल्यात की सीझनला सकाळी नऊपासून सूर्य बुडेपर्यंत खाडीचं पाणी म्हणून शांत होत नाही.

आमच्या परड्यात काठावर आजीने लावलेला एक माड आहे. मी कॉलेजला होतो तेव्हा माडापासून पाण्यापर्यंत सहा पावलं जागा होती, आता दोन उरलीत, आणि खालची मुळं उघडी पडून लोंबतायत. आजोबांनी चिरे रचून गडगा घातला होता त्याचे खालचे चिरे सुटून खाडीत गेले. लोक म्हणतात समुद्राची धूप आहे, बंधारा मागा. पण समुद्राच्या बाजूची धूप वेगळी हो, ती पावसाळ्यात दिसते. ही खाडीची बाजू आहे आणि इथे मी डोळ्यांनी बघतो, बोट पुढे निघून जाते, मग आधी काठाचं पाणी मागे ओढलं जातं, चिखल उघडा पडतो, आणि मग एकामागून एक सहा-सात लाटा येऊन आपटतात. प्रत्येक लाटेबरोबर गढूळ पाणी परत जातं, ते गढूळ म्हणजे आमची जमीनच आहे ना.

दुसरं म्हणजे माणसं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमच्याकडच्या बायका कमरेभर पाण्यात उतरून मुळे, तिसऱ्या हे शिंपले काढतात, पायाने चाचपत, वाकून. शेजारच्या काकींना विचारलं की भीती वाटत नाही का, तर म्हणाल्या, "लाट इली काय आमी एकमेकींचो हात धरतंव." मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच वाडीतले एक काका पातीत, म्हणजे छोट्या होडीत, बसून जाळं ओढत होते, बोट जवळून गेली आणि पात उलटली. साठीच्या पुढचं माणूस, पोहता येतं म्हणून वाचले, जाळं गेलं. बोट थांबली नाही, मला वाटतं चालवणाऱ्याला कळलंच नसणार मागे काय झालं ते.

तर प्रश्न असे की खाडीत स्पीड लिमिट लावायचा अधिकार कोणाचा, ग्रामसभेने ठराव केला तर त्याला काही किंमत असते का, आणि लिमिट किती मागावं? माझ्या डोक्यात ताशी १५ किलोमीटर आहे, रस्त्यावरच्या सायकलीएवढं, ते कोणालाच जास्त वाटणार नाही. कोणी असं कुठे करून घेतलंय का?

नाळ_आणि_सुकाणू

मी बोटींच्या डिझाइनमध्येच काम करतो, म्हणून पहिलं हेच सांगतो की १५ मागू नका, प्लीज. ऐकायला बरं वाटतं पण त्याने तुमचा काठ आत्तापेक्षा जास्त खचेल.

कारण सांगतो. कुठलीही बोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते, लाट छोटी असते. स्पीड वाढला की तिने स्वतःच केलेली लाट लांब होत जाते आणि एका टप्प्यावर ती लाट बोटीच्याच लांबीएवढी होते. साधारण २३ फुटी बोट असेल तर हा टप्पा येतो साडेसहा नॉटच्या जवळ, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. त्याच्या वर गेलात की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलते, मागचा भाग खाली बसतो, आणि बोट अक्षरशः डोंगर चढत असल्यासारखी पाणी ढकलत जाते. सगळ्यात मोठी लाट ह्या अवस्थेत निघते. अजून स्पीड दिला की बोट पाण्यावर चढते, ज्याला प्लेनिंग म्हणतात, तेव्हा लाट उलट कमी होते. म्हणजे २० नॉटने जाणाऱ्याला तुम्ही ८ नॉटवर आणलंत तर तो नेमका त्या वाईट अवस्थेत येणार, आणि ८ नॉट म्हणजेच तुमचे १५ किलोमीटर.

त्यात तुमची खाडी उथळ. उथळ पाण्यात लाटेच्या वेगालाच मर्यादा असते, ती फक्त खोलीवर ठरते. दीड मीटर पाणी असेल तर ताशी १४ किलोमीटरच्या आसपास, दोन मीटर असेल तर १६. बोटीचा स्पीड ह्या आकड्याजवळ आला की लाटा मागे सुटून जायच्या ऐवजी साचत जातात. तुम्ही जे लिहिलंय ना, आधी पाणी ओढलं जातं आणि मग लाटा येतात, त्यात बोटीखालून पाणी बाजूला सरकण्याचा भाग आहे, आणि पाणी जितकं उथळ आणि बोट जितकी काठाला जवळ तितकं ते ओढणं जास्त. बरोबर बघितलंत तुम्ही.

अजून एक गोष्ट, लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. उंची दुप्पट तर मार चौपट. त्यामुळे दिवसाला शंभर छोट्या लाटा काठ सोसतो पण दहा मोठ्या नाही सोसत.

म्हणून काठाजवळ मागायचं ते ५ नॉट, ताशी ९ किलोमीटर, त्याच्या वर नाही. भरभर चाललेल्या माणसापेक्षा थोडं जास्त. आणि ठरावात आकड्याबरोबर "मागे फेसाळ लाट उठणार नाही इतक्या वेगाने" असं पण लिहा, कारण प्रत्येक बोट वेगळी, माणसं किती बसलीत त्यावर पण फरक पडतो. बारा माणसं भरलेली बोट रिकामीपेक्षा कितीतरी मोठी लाट काढते.

तांडेल_कर्ली

दादा मी तुमच्याच खाडीत बोट चालवतो, नाव नाही सांगत पण तुम्ही मला ओळखत असणार. वाचून राग नाही आला, वाईट वाटलं. काकांची पात उलटली ते आम्हाला नंतर कळलं, ती बोट आमच्यातली नव्हती पण म्हणून काय झालं, आमच्यातली पण असू शकली असती.

आता आमची बाजू पण ऐका. गिऱ्हाईक जेटीवर येतं तेव्हा त्याच्याकडे दोन तास असतात, त्याला संगम बघायचा, त्सुनामी आयलंडवर जेट-स्की, बंपर, बनाना करायचं, जमलं तर डॉल्फिन पण बघायचे. सीझन म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिना, पावसाळ्यात सगळं बंद. बोटीवर कर्ज आहे, पेट्रोल आहे, पोरांचे पगार आहेत. फेरी जितकी लवकर तितक्या फेऱ्या जास्त. एकटा मी हळू गेलो तर माझं गिऱ्हाईक बाजूच्याकडे जाणार. म्हणून लिमिट हवंय तर सगळ्यांना हवं, माझी काहीच हरकत नाही, खरंतर बऱ्याच तांडेलांची नसणार.

दुसरं, तुम्ही म्हणाल काठापासून लांबून जा. लांबून कसं जाऊ, मध्ये वाळू आहे. दर पावसाळ्यानंतर वाळूचे पट्टे हलतात, मागच्या वर्षी पाणी होतं तिथे ह्या वर्षी गुडघाभर पण नाही. सुकतीला खोल पाणी फक्त तुमच्या बाजूने असतं, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, तिथूनच जावं लागतं, नाहीतर पंखा वाळूत जातो. त्यामुळे अंतराचा नियम केलात तर भरतीला पाळता येईल, सुकतीला नाही. तिथे फक्त हळू जाणं एवढंच होऊ शकतं.

आणि सगळी जमीन बोटींनीच नेली असं पण नाही हां. वाळू उपसा किती वर्षं चालला ते तुम्हाला माहीत आहे, तळ खोल झाला की काठ खाली बसतोच. पुराचं पाणी आहे. कांदळ, म्हणजे खारफुटी, तोडून लोकांनी जेटीसाठी जागा केली, जिथे कांदळ शाबूत आहे तिथला काठ बघा, तो कुठे गेला? आमच्यावर आमचा वाटा घाला पण सगळ्यांचा घालू नका.

खाडीकाठचो

@तांडेल_कर्ली भाऊ, ओळखलं बहुतेक. मनापासून लिहिलंत त्याबद्दल खरंच आभारी आहे. कांदळाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आमच्या परड्याच्या शेजारी जिथे चिपी (कांदळातलंच एक झाड) उभी आहे तिथला काठ जसाच्या तसा आहे, आणि आमच्या वडिलांनीच आमच्या हद्दीतली झाडं काढली होती, खाडी दिसावी म्हणून. तेव्हा कोणाला कळत नव्हतं. ह्या पावसाळ्यात परत लावतोय, पण रोपाला मूळ धरायला शांत पाणी लागतं, लाटांनी ती उपटून जातात, गेल्या वर्षीची अर्धी अशीच गेली. म्हणजे फिरून आपण त्याच ठिकाणी येतो.

मिनेसोटात_मालवणी

माझं माहेर कट्टा गावचं, गेली बरीच वर्षं इथे मिनेसोटात आहे. इथे हजारो तळी आहेत आणि हे भांडण इथल्या लोकांना अजिबात नवीन नाही, घरोघरी बोट असते आणि काठावर घर पण त्याच माणसाचं असतं, तरी भांडतात.

इथे राज्याचा नियम असा की जेट-स्की काठापासून १५० फुटांच्या आत असेल तर ताशी ५ मैलांच्या वर जायचं नाही, ह्याला स्लो-नो-वेक म्हणतात, मागे लाट उठू न देता. वेळ पण ठरलेली आहे, सकाळी साडेनऊच्या आधी जेट-स्की काढायची नाही आणि सूर्यास्ताच्या एक तास आधी बंद. त्यामुळे सकाळचं पाणी मासे पकडणाऱ्यांचं आणि वल्हवणाऱ्यांचं. मला वाटतं तुमच्या मुळे काढणाऱ्या बायकांसाठी ही वेळेची कल्पना चांगली आहे, फक्त घड्याळावर न ठेवता ओहोटीवर ठेवावी लागेल.

तुमच्या प्रश्नाला जवळचं म्हणजे, इथे काउंटी किंवा छोटं शहर पण स्वतःच्या तळ्यासाठी वेगाचा नियम करू शकतं, पण राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची मंजुरी घ्यावी लागते. गावाने मागायचं, राज्याने तपासून हो म्हणायचं. पाणी खूप चढलं की काही तळ्यांवर तेवढ्यापुरता सगळीकडे स्लो-नो-वेक लावतात कारण तेव्हा लाट थेट वरच्या मातीला लागते. तुमच्याकडे उधाणाच्या दिवसांत तेच होत असणार ना?

आणि अभ्यासाचं म्हणाल तर २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाने प्रत्यक्ष तळ्यात लाटा मोजल्या. मुद्दाम मोठी लाट काढणाऱ्या वेकसर्फ बोटींची लाट साध्या बोटीच्या लाटेएवढी शांत व्हायला काठापासून ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं असं त्यात निघालं, साध्या बोटीला २०० फूट धरलं होतं. ह्या आकड्यांमुळे मीटिंगमधली चर्चा बदलली, तोपर्यंत तू तू मैं मैं चालायचं. तुम्ही पण काहीतरी मोजा. फोटो काढा, एकाच जागेवरून, दर महिन्याला.

बंदरावरचा_जुना

आयुष्यभर बंदराच्या कामात होतो, आता रिटायर आहे. थोडं कायद्याचं.

खाडी, बंदर, वॉटर स्पोर्टचे परवाने हे आपल्याकडे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, १९९६ पासून. तुमचा अर्ज तिथेच जायला हवा, मालवणच्या बंदर कार्यालयातून वर. देशपातळीवर अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आहे, त्याने १९१७ चा जुना कायदा गेला. ग्रामसभा स्वतः बोटीला दंड करू शकत नाही, पण ग्रामसभेचा ठराव जोडलेला अर्ज आणि एकट्या माणसाचा अर्ज ह्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय. ठरावात नुसतं "स्पीड कमी करा" नको. कुठून कुठपर्यंत ते लिहा, ह्या जेटीपासून त्या वळणापर्यंत, नकाशा जोडा, फलक कुठे लावायचा आणि बोया कुठे टाकायचा ते दाखवा. परवान्याच्या अटींमध्येच वेगाची अट घाला अशी मागणी करा, कारण परवाना हातचा जाईल ही भीती दंडापेक्षा मोठी असते.

तोपर्यंत काहीच नाही असं समजू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २८२ बेदरकारपणे जहाज किंवा बोट चालवण्यावरच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पात उलटली त्या दिवशी पोलीस ठाण्यात निदान नोंद करायला हवी होती. आणि समुद्रातल्या वाहतुकीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे, त्यात सहावा नियम सुरक्षित वेगाचा आहे, आकडा नाही दिलेला, पण गर्दी, खोली, दिसतं किती, थांबायला अंतर किती लागेल हे बघून वेग ठेवावा असं आहे.

१८ डिसेंबर २०२४ विसरू नका कोणी. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा माणसं गेली. तो व्हिडीओ मी एकदाच बघितला, परत बघवला नाही. भर दुपार, उघडं पाणी. खाडीत तर वळणं आहेत, समोरचं दिसत नाही.

वल्ही_आणि_वारा

मी गोव्यात कयाक करते, सुट्टीला तुमच्याकडे पण येते. ह्या चर्चेत पाण्यातल्या माणसाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. २० नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पोहणाऱ्याचं फक्त डोकं पाण्याच्या वर असतं, नारळाएवढं, आणि संध्याकाळी सूर्य समोर असताना पाणी चमकतं तेव्हा पन्नास मीटरवरून ते दिसलं तरी चालवणाऱ्याच्या हातात पाच सेकंद. जेट-स्कीला तर ब्रेकसारखं काही नसतं बहुतेक साध्या मॉडेलना, आणि घाबरून थ्रॉटल सोडलं तर वळवता पण येत नाही कारण पाण्याचा झोतच तिचं सुकाणू आहे. हे पहिल्यांदा बसलेल्या टुरिस्टला कोण सांगतं? मागे बसणारा मुलगा सांगत असेल तर उत्तम, पण कित्येकदा पैसे घेऊन सरळ हातात देतात.

चालवणाऱ्यांसाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, पॉवरबोट आणि जीवरक्षकाचं ट्रेनिंग देतात. तांडेल भाऊ, तुमच्या पोरांना पाठवा, खरंच.

आणि टुरिझम बुडेल ह्या भीतीबद्दल, तुमच्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. मी गेले होते. इंजिनाचा आवाज नाही, खंड्या अगदी फांदीवर बसून राहिला, खेकडे दिसले, तिवर आणि चिपीत फरक काय ते त्या ताईने पान हातात देऊन समजावलं, चाटून बघा म्हणाली, पानावर मीठ असतं. तिवराचं पान खरंच खारट लागतं. ह्यासाठी मी परत जाईन, बंपर राईड एकदा केली ती पुरे.

खाडीकाठचो

दहा-बारा दिवसांनी परत लिहितोय, कामं चालू होती.

तांडेल भाऊंना प्रत्यक्ष भेटलो, चहा झाला, आणि त्यांनीच सुचवलं की बोट घेऊन बघूया. मंगळवारी सकाळी गिऱ्हाईक नसताना आमच्या परड्यासमोर वेळवाची एक काठी रोवली, खडूने खुणा केल्या, आणि भाऊ तीन वेळा समोरून गेले, तिन्ही वेळा बोटीत तेवढीच माणसं आणि काठापासून अंतर पण तेवढंच. मोबाईलवर जीपीएसने स्पीड बघत होतो. पहिल्यांदा फुल स्पीडने, काठीवर लाट वीतभराच्या थोडी खाली. दुसऱ्यांदा ताशी १५ ने, जे मी मागणार होतो ते, आणि लाट वीतभराच्या वर चढली, काठाची माती आमच्यासमोर सुटली, भाऊ स्वतः बघून गप्प झाले. तिसऱ्यांदा नऊच्या आत. दोन बोटं. गढूळ पाणी नाहीच. नाळ_आणि_सुकाणू, तुम्ही नसतात तर मी चुकीचा आकडा ठरावात घालून मोकळा झालो असतो.

भाऊंचा हिशोब असा निघाला की वाडीसमोरचा आणि मुळ्यांच्या जागेचा पट्टा धरला तर साधारण सातशे मीटर, तेवढं नऊने गेलं तर एका बाजूने जायला तीन मिनिटं जास्त लागतात. तीन मिनिटं. ह्यावर त्यांनी अजून चार तांडेलांशी बोलणं केलंय, दोघं हो म्हणाले, एक बघू म्हणतोय, एकाला पटलेलं नाही. त्याचं म्हणणं बाहेरच्या बोटी पाळणार नाहीत मग आम्हीच का, आणि ते चुकीचं पण नाही, म्हणून परवान्याच्या अटीतच घालायची मागणी पहिली ठेवलीये. पट्ट्याच्या बाहेर, मधल्या रुंद पाण्यात कोणावरही बंधन मागत नाही.

ठरावाचा मसुदा लिहिलाय, नकाशा पुतणीने काढून दिला, दोन्ही टोकांना फलक आणि मध्ये तीन बोये. उधाणाच्या दिवसांत आणि सुकतीला बायका पाण्यात असतील तेव्हा जेट-स्की त्या पट्ट्यात आणायचीच नाही हे पण घातलंय. पुढच्या ग्रामसभेत मांडतोय. काकींना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच बदल सांगितला, आम्ही "सकाळी ओहोटीच्या वेळी" लिहिलं होतं, त्या म्हणाल्या सुकती रोज तेवढ्याच वेळेक येता काय रे, दर दिसा पाऊण तास पुढे जाता, तिथीप्रमाणे लिही. तर आता महिन्याच्या तिथ्यांचा तक्ता जेटीवर लावायचाय, तो काकीच सांगणार आहेत आणि मी लिहून काढणार आहे. मालवणच्या कार्यालयात अर्ज नेमका कोणत्या टेबलाला द्यायचा, @बंदरावरचा_जुना, तेवढं सांगाल का?